जकार्ताहून बोगोर, आईला घेऊन जमंल का?

सातारी_पाव्हणा: भाऊ जकार्तात असतोय, आईला घेऊन चाललोय. वीकेंडला बोगोर करावं म्हणतोय. आई शाकाहारी, खायचं कसं?

कृष्णाकाठ: जमतंय की. जकार्ता कोटा स्टेशनावरनं लोकल थेट बोगोरला जाते, साधारण दीड तास, टॅक्सीच्या नादाला लागू नका. १८१७ चं बोटॅनिकल गार्डन सकाळीच उरका, दुपारी पाऊस कधी धरंल सांगता येत नाही, छत्री ठेवाच. जवळच्या पुंचाकच्या डोंगराळ भागात मात्र वीकेंडला नको, घाटात गाड्या तुंबतात नुसत्या.

मिरजेची_ताई: काकूंना गाडो-गाडो द्या. उकडलेल्या भाज्या, टोफू, वर शेंगदाण्याची चटणी, पण चटणीत बऱ्याचदा कोळंबीची पेस्ट असते. आधीच 'तानपा तेरासी', म्हणजे कोळंबीची पेस्ट नको, असं म्हणायचं. अंडं आणि वरचा पापडपण काढायला लावा, तो कोळंबीचाच असतो बहुतेक.

सातारी_पाव्हणा: पापडातपण कोळंबी? दशम्या बांधूनच नेतो मग 😄