फोडणीच्या आधी : मांजर आणि भाजी (अनुभव धागा)

काल मटार सोलत बसले होते. एक दाणा घरंगळला. आमच्या चिंगीने तो आधी स्वयंपाकघरभर पिदडला आणि मग चक्क खाल्ला. नंतर माझ्या मांडीला टेकून बसली, पुढचा कधी मिळतोय म्हणून. दोन दाणे उकडून, चिमटीत चिरडून दिले, तेही गेले. मांजर मांसाहारी प्राणी हे माहीत आहे, पण ज्याच्या-त्याच्या घरचं मांजर काही ना काही हिरवं खातंच, असं ऐकते.

तुमचे अनुभव लिहा. भाजी कोणती, कच्ची, उकडलेली की चोरलेली, आणि नंतर काय झालं तेही. फसलेले प्रयोग आधी सांगितलेत तर जास्त उपयोग होईल. माझ्या व्हेटने सांगितलेला हिशोब एवढाच : चार किलोच्या, घरबशा मांजराला दिवसाला साधारण 200 कॅलरी लागतात. भाजी, खाऊ, बिस्किटाचा चुरा सगळं मिळून त्यातल्या 20 च्या आत.

दोन बोक्यांची आई, पुणे

काकडी. कोशिंबिरीसाठी चोचवायला घेतली की दोघंही ओट्याखाली हजर. साल काढून, बिया काढून, नखाएवढे दोन-तीन तुकडे देते. देठाकडचा तुकडा आधी स्वतः चाखते, कडू निघाली तर अख्खी काकडी कचऱ्यात. मोठा बोका चावतो, धाकटा फक्त चाटतो आणि सोडून देतो.

एक राग काढून घेते. जेवणाऱ्या मांजरामागे गुपचूप काकडी ठेवून ते कसं उडतं याचे व्हिडिओ लोक अजून हसत पाठवतात. माझ्या भाच्याने हा प्रयोग केला, त्यानंतर धाकटा आठवडाभर त्या कोपऱ्यातल्या वाटीकडे फिरकला नाही.

मनीचे बाबा, डोंबिवली

फसलेला प्रयोग आधी मागितलात म्हणून लिहितो. प्रयोग नव्हता, अडाणीपणा होता.

घरात लग्न होतं, पाहुणे आठवडाभर. रोज रात्री चिकन. मनीला आम्ही एरवी साधं उकडलेलं द्यायचो, त्या गडबडीत रश्श्यातला तुकडा पाण्याखाली धुऊन आणि थोडा रस्सा-भात कालवून द्यायला लागलो. बाई खूष. पाचव्या दिवशी ती कपाटाखालून बाहेर येईना. लग्नाची दगदग, माणसांना घाबरली असेल, असं म्हणून आणखी एक दिवस घालवला. मग लघवी दिसली, कोऱ्या चहाच्या रंगाची. ओठ उचलून पाहिला तर हिरड्या पांढऱ्याफटक.

डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "कांदा खाल्लाय का?" मी म्हटलं, छे, मांजराला कांदा कोण देतं? "मग जेवली काय?" रस्सा, म्हणालो, आणि म्हणता म्हणता माझ्याच लक्षात आलं. वाटणात कांदा, खोबरं, लसूण. तुकडा धुतला तरी शिजताना आत मुरलेलं कुठे जाणार?

कांदा-लसणातली गंधकयुक्त द्रव्यं मांजराच्या तांबड्या पेशींना आतून पोखरतात. मग त्या फुटतात आणि रक्त उतरतं. मांजराचं हिमोग्लोबिन या बाबतीत आपल्यापेक्षा किंवा कुत्र्यापेक्षा फार नाजूक असतं. शिजवून, वाळवून, पूड करून हे विष जात नाही. किलोमागे 5 ग्रॅम कांद्यानेही त्रास झाल्याच्या नोंदी आहेत, म्हणजे चार किलोच्या मनीला दोन मोठे चमचे चिरलेला कांदा. शिवाय लक्षणं लगेच दिसत नाहीत, काही दिवस जातात. त्यामुळे माणूस "परवा तर काही झालं नव्हतं" म्हणत पुन्हा देतो.

मनी वाचली. चार दिवस सलाईनवर होती, पूर्वीसारखी उड्या मारायला महिना लागला. आता आमच्याकडे वाटण घालायच्या आधी, मीठही घालायच्या आधी, मनीचा वाटा बाजूला निघतो. भाजीचंही तेच. फरसबीचे दोन तुकडे, गाजराची एक चकती, फोडणीच्या आधी. फोडणी बसली की ते माणसांचं.

ओसरी

मनीचे बाबा, अंगावर काटा आला. आमच्या सासूबाई जंतांवर म्हणून पिल्लांना लसणाची पाकळी दुधात ठेचून द्यायच्या. श्रद्धेने, अनेक वर्षं. लसूण कांद्याहूनही जहाल, हे त्यांना पटवायला मला डॉक्टरांनाच फोनवर आणावं लागलं. आता जंतांचं औषध त्या स्वतः तारीख लिहून देतात. पातीचा कांदा आणि सूपच्या पाकिटातली कांद्याची पूडही याच यादीत धरा.

बाराव्या मजल्यावरून, ठाणे

आमचं घर पूर्ण शाकाहारी. मांजर आणायचं ठरलं तेव्हा आजी म्हणाली, त्यात काय, आमच्या वाड्यातली मांजर जन्मभर दूध-पोळीवर जगली. छातीठोकपणे सांगायची. वाड्यातले उंदीर कुठे जायचे, हे मात्र तिने कधी विचारलं नसावं.

बाराव्या मजल्यावर उंदीर नाहीत. मांजराला टॉरिन नावाचं पोषकद्रव्य अन्नातूनच मिळावं लागतं, ते मांस-मासळीत असतं, भाजीत नाही. ते कमी पडलं तर डोळ्यांचा पडदा जातो, हृदयाचा स्नायू सैल पडतो. हृदयाचा हा संबंध 1987 मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवला, त्यानंतर कॅट फूडमधलं टॉरिन वाढवलं गेलं. आम्ही मग तडजोड केली : कॅट फूडचा डबा गॅलरीत, चमचा वेगळा, आणि स्वयंपाकघरातून तिला फक्त उकडलेल्या भोपळ्याचा एखादा चमचा. आई नाक मुरडते, पण डबा तीच उघडते.

नवी

गाजर डोळ्यांना चांगलं ना? रोज दिलं तर चालेल?

दोन बोक्यांची आई, पुणे

आपल्या डोळ्यांना. गाजरातल्या बीटा-कॅरोटिनपासून आपण अ जीवनसत्त्व बनवतो, मांजराला ते जमत नाही. त्याला ते तयारच लागतं, कलेजी वगैरेतून. (म्हणून रोज कलेजीही नको, ते जीवनसत्त्व साठून हाडं धरतात.) गाजर उकडून, गंमत म्हणून, क्वचित. कच्चं घशात अडकू शकतं.

एडिसनकर, न्यू जर्सी

इकडे बद्धकोष्ठाला सगळे एकच उपाय सांगतात, डब्यातला भोपळा. डबा घेताना नीट वाचा. शेजारीच 'पम्पकिन पाय' हा गोड पदार्थ करण्याचा तयार गर असतो, त्यात साखर आणि मसाले असतात. तो नाही, नुसता भोपळा घ्यायचा. नोव्हेंबरात दोन्ही डबे एकाच फळीवर असतात आणि दिसतातही सारखे. मी देशी दुकानातून लाल भोपळा आणून वाफवायचो, एक छोटा चमचा जेवणात कालवून.

आमचा बंड्या तेव्हा तेरा वर्षांचा. पहिले दोन आठवडे छान फरक पडला, म्हणून मी भोपळाच देत राहिलो. तिसऱ्या महिन्यात वजन उतरलं तेव्हा रक्त तपासलं. मूत्रपिंडं थकली होती, अंगात पाणी टिकत नव्हतं म्हणून शी कडक. भोपळ्याने खरं दुखणं झाकून ठेवलं. म्हाताऱ्या मांजराला दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त त्रास असेल तर चमचा खाली ठेवा आणि डॉक्टर गाठा.

मालवणी

आमचा खंडू दोडका खाता. खोटा नाय सांगत. सुकट घातलेलो दोडको केलो की ताटाकडेच बसता, आणि सुकट वेचून खाऊन दोडको माका ठेवता.

चिंगीची ताई (धागा माझाच)

मालवणी :) पण त्या दोडक्यात कांदा असतोच ना? सुकट कोरडी, मीठ धुऊन, वेगळी काढा बघू खंडूसाठी.

मालवणी

होय गे बाय. वरचे वाचून आजच बंद केलंय. खंडू रागावलोहा.

कणीसवाला

मक्याचे दोन-चार दाणे चालतील, पण कणसाचा बुरखुंडा कधीही आवाक्यात ठेवू नका. आमच्या बोक्याने कुरतडून गिळला, आतड्यात अडकला, पोट उघडावं लागलं. एवढंच लिहितो.

पालकाची जुडी

पालकाबद्दल कुणी लिहिलं नाही. माझ्या मांजराला मूतखडे झाले होते, ऑक्सॅलेटचे (हा क्षार पालकात भरपूर असतो), आणि डॉक्टरांनी पालक साफ बंद सांगितला. निरोगी मांजराला एखादं पान बाधणार नाही म्हणाले. हिरवट बटाटा आणि टोमॅटोची पानं-देठ मात्र कुणालाच नकोत. आणि द्राक्षं-बेदाणे भाजी नसले तरी शिऱ्यातून पोटात जातात, तेही टाळा.

खरबूजप्रेमी

मांजराला गोड चव कळतच नाही, त्यासाठी लागणारं जनुक मोडकं आहे, हे 2005 मध्ये छापून आलं. मग माझी माऊ खरबूज कापलं की तीन खोल्यांपलीकडून धावत का येते? वासाने, म्हणतात. ती चिमूटभर गर खाते आणि उरलेल्या फोडीवर गाल घासते.

घटाखालची माऊ, सातारा

आमच्याकडे नवरात्रात घट बसतात. परडीत काळी माती, सात धान्यं, नऊ दिवस पाणी. गेल्या वर्षी पाचव्या माळेला गव्हाचे कोंब बोटभर आले आणि सकाळी बघते तर एका बाजूने कातरल्यासारखे कापलेले. आईला वाटलं उंदीर. सहाव्या माळेला माऊ परडीत पुढचे दोन पाय टाकून, डोळे मिटून चरताना सापडली. थोड्या वेळाने तिने देवघराबाहेर केसांचा गोळा ओकून टाकला आणि ताजीतवानी होऊन झोपली.

आई आधी चिडली, मग म्हणाली, "देवीचं वाहन तिच्याच जातकुळीतलं ना, खाऊ दे." दसऱ्याला मुंडाशात खोवायला एका बाजूचेच तुरे उरले होते. यंदा गव्हाची एक वेगळी परडी पेरली आहे, खत-औषध काही नाही. माऊ तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही, देवघराच्या दाराशी बसून असते.