मदतकार्यात लोक आपणहून का येतात, आणि टिकतात ते कशामुळे?

समन्वयक, जुळे सोलापूर

आमची सोलापुरात एक लहानशी मदत संस्था आहे. पूर, आग, अपघात अशा प्रसंगी प्रथमोपचार, शिधावाटप आणि बाधितांच्या नोंदी एवढीच कामे आम्ही करतो. नव्या स्वयंसेवकांच्या मुलाखती घेण्याची जबाबदारी यंदा माझ्याकडे आली आहे. अर्जात ‘आपणास हे काम का करावयाचे आहे?’ असा एक रकाना असून त्यात जवळजवळ सगळेच ‘समाजसेवेची आवड’ असे लिहून मोकळे होतात. २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीला पूर आला तेव्हा येणाऱ्यांना कामे वाटून देता देता आमची दमछाक झाली होती. पुढे दिवाळी सरली, बातम्या थांबल्या, आणि पंचनाम्यांचा पाठपुरावा, भिजलेली कागदपत्रे, मुलांची दप्तरे अशी चिवट कामे सुरू झाली, तेव्हा फोन उचलणारे बोटांवर मोजण्याइतके उरले. जे गेले त्यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. परंतु माणूस अशा कामाला नेमका कशासाठी येतो हे आधी कळले, तर कोणते काम कोणाकडे सोपवावे हे ठरवता येईल, असे वाटते. शिवाय केवळ प्रमाणपत्रासाठी येणाऱ्याला घ्यावे की नाही, यावरून आमच्या समितीत दोन तट पडले आहेत. जाणकारांनी मत द्यावे.

सिद्धेश्वर पेठ

डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या गावात हा प्रश्न पडावा याचेच नवल वाटते. ज्याच्या मनात तळमळ आहे तो येतो आणि टिकतो. बाकीचे फोटो काढून निघून जातात. प्रमाणपत्र मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ग्रंथपाल, विजापूर रस्ता

कोटणीसांचा दाखला आपण दिलात, पण तो आपल्याच म्हणण्याला पुरता लागू पडत नाही. १९३८ मध्ये काँग्रेसने जपानशी लढणाऱ्या चीनला जे पाच डॉक्टरांचे पथक पाठवले, त्यात ते एक तरुण डॉक्टर म्हणून सामील झाले. पथकातले बाकीचे चौघे पुढे मायदेशी परतले. कोटणीस मात्र तेथेच राहिले, कॅनडाचे डॉक्टर बेथ्यून यांच्या नावाने चालणाऱ्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, तेथील परिचारिका गुओ छिंगलान यांच्याशी त्यांनी विवाह केला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तेथेच त्यांचे निधन झाले. मुंबईहून बोटीत बसताना मनात असलेल्या कारणाने त्यांना तेथे नेले असेल; राहायला लावले ते तेथील जखमींनी, सहकाऱ्यांनी आणि संसाराने, असे मला वाटते. येण्याचे कारण आणि राहण्याचे कारण ही दोन निरनिराळी असतात, आणि समन्वयकांच्या अर्जात फक्त पहिलेच विचारलेले आहे.

रेडक्रॉसची कथाही अशीच आहे. तिचे जनक आंरी द्युनां जून १८५९ मध्ये इटलीतील सोल्फेरिनोच्या रणभूमीजवळ पोहोचले ते सेवेसाठी नव्हे. अल्जीरियातील आपल्या व्यवसायाचे अडलेले काम सम्राट तिसऱ्या नेपोलियनच्या कानावर घालावे, हा त्यांचा हेतू होता. वाटेत रणांगणावरचे हजारो जखमी त्यांना दिसले, आणि जवळच्या कास्तिल्योने गावातील स्त्रिया ‘सगळे भाऊच आहेत’ असे म्हणत शत्रू-मित्र न पाहता त्यांची शुश्रूषा करीत होत्या, त्यांच्यात ते मिसळले. चळवळीची जी सात तत्त्वे १९६५ मध्ये व्हिएन्ना येथे स्वीकारण्यात आली, त्यांतील स्वेच्छासेवेच्या तत्त्वात लाभाच्या इच्छेने सेवा करू नये असे म्हटले आहे. पण अनुभव, ओळख, मित्र मिळू नयेत असा त्याचा अर्थ होत नाही.

मानसशास्त्रज्ञांनीही हा विषय बराच खणला आहे. क्लॅरी, स्नायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये स्वयंसेवेमागच्या प्रेरणांचे सहा प्रकार मांडले: मूल्ये, शिकण्याची इच्छा, आपल्या माणसांचा आग्रह, नोकरीधंद्यातील उपयोग, स्वतःच्या दुःखापासून किंवा अपराधीपणापासून सुटका आणि स्वतःविषयी बरे वाटणे. एका माणसात यांपैकी एकाहून अधिक एकत्र नांदू शकतात. त्याआधी, १९९५ मध्ये, ओमोटो आणि स्नायडर यांनी एड्सग्रस्तांना मदत करणाऱ्या अमेरिकी स्वयंसेवकांचा माग घेतला, तेव्हा स्वतःला काही मिळावे म्हणून आलेले लोक अधिक काळ टिकलेले दिसले. हे वाचून मला पहिल्यांदा राग आला होता. नंतर पटले, कारण ज्याला कामातून काही मिळत राहते त्याला पुढच्या आठवड्यात येण्यास एक जादा कारण असते.

‘आपल्या माणसांचा आग्रह’ ही प्रेरणा आपण हलकी समजतो. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज, म्हणजे उंच मानाच्या काठ्या, पेलणारे तरुण संक्रांतीच्या आधी कित्येक दिवस सराव करतात. त्यांतल्या एखाद्याला ‘का?’ असे विचारले, तर भक्ती तो सांगेलच, पण शेजारचा जोडीदार खांदा देतो आणि आपण घरी बसावे हे त्याला शोभत नाही, हेही तितकेच खरे असते.

निवृत्त परिचारिका, होटगी रस्ता

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा मी नोकरीत नवीन होते. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेले, लोक दमून झोपलेले, आणि दगडमातीच्या जाड भिंती व वरचे मातीचे धाबे अंगावर आलेले. त्या दिवसापासून जखमींच्या गाड्या सोलापूरच्या रुग्णालयांकडे येऊ लागल्या. आमच्या वॉर्डात शहराच्या पूर्व भागातले एक यंत्रमाग कामगार येऊन उभे राहिले. त्यांना मराठी मोडकीतोडकी येत होती, घरची भाषा तेलुगू. आधी ते सलाईनची बाटली हातात धरून उभे राहत, कारण स्टँड पुरत नव्हते. मग त्यांच्या लक्षात आले की बेशुद्ध माणसाचे नाव कोणालाच ठाऊक नाही आणि नातेवाईक मात्र वॉर्डावॉर्डांतून शोधत फिरत आहेत. त्यांनी चिकटपट्टीचे तुकडे कापून घेतले आणि ज्याच्याबद्दल जे कळेल ते, म्हणजे गाव, अंदाजे वय, हातावरचे गोंदण, अंगावरच्या लुगड्याचा रंग, शेजारच्या रुग्णाकडून लिहून घेऊन खाटेच्या दांडीला चिकटवले. कितीतरी घरांची माणसे त्या पट्ट्यांमुळे सापडली.

ते का आले हे मी पुढे त्यांना विचारले होते. त्या दिवशी माग बंद होता आणि घरी बसून रेडिओ ऐकवत नव्हता, एवढेच त्यांनी सांगितले. सिद्धेश्वर पेठेतील दादांनी याला तळमळ म्हणावे की रिकामा वेळ, हे त्यांनीच ठरवावे.

समन्वयकताईंना (किंवा दादांना, नावावरून कळत नाही) एकच सांगते. अशा कामातून आपले जुने दुःख बुजवू पाहणारी माणसेही येतात. त्यांना पहिल्याच दिवशी मृतांच्या नातेवाइकांसमोर बसवू नका. शिध्याच्या पिशव्या भरण्याचे काम द्या, सोबत कोणी जाणते माणूस ठेवा.

अभियांत्रिकीचा विद्यार्थी

मी प्रमाणपत्रासाठीच आलो होतो, म्हणून लिहितो. राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तास भरायचे असतात, तास भरले की प्रमाणपत्र आणि गुण मिळतात. त्या हिशेबाने मी एका मदत केंद्रावर गेलो आणि तास पूर्ण झाल्यावरही जात राहिलो, कारण तेथील साठ्याची नोंदवही नीट लिहिणारा दुसरा कोणी नव्हता आणि ते काम माझे आहे असे सगळे धरून चालले होते. प्रमाणपत्र मागणाऱ्याला हिणवणारे बहुधा दरमहा पगार असलेले असतात, असे माझे निरीक्षण आहे. माझी आई विड्या वळते. मदतीला जाण्यासाठी एक दिवस मी कामावर गेलो नाही तर पेट्रोलचा खर्च आणि बुडालेली मजुरी दोन्ही घरातून जातात, आणि नोकरीच्या मुलाखतीत दाखवायला हातात कागद हवा असतो. निःस्वार्थ असणे सगळ्यांना सारखे परवडत नाही.

ग्रंथपाल, विजापूर रस्ता

विद्यार्थ्याच्या मुद्द्याला जोडून: प्रवासखर्च जरूर द्यावा, पण किरकोळ मानधन देऊ नये. इस्राएलमध्ये नीझी आणि रुस्तिकिनी या अर्थतज्ज्ञांनी घरोघर देणग्या गोळा करणाऱ्या शाळकरी मुलांवर प्रयोग केला होता, तो २००० मध्ये प्रसिद्ध झाला. काहीही मोबदला नसलेल्या मुलांनी सर्वांत जास्त रक्कम जमवली, जमलेल्या रकमेच्या दहा टक्के मिळणाऱ्यांनी त्याहून कमी, आणि एक टक्का मिळणाऱ्यांनी सर्वांत कमी. तुटपुंजी रक्कम हातावर ठेवली की माणूस स्वतःच्या श्रमाची किंमत त्या रकमेत मोजू लागतो.

सीनाकाठ, मोहोळ तालुका

आमच्या घरात पाणी शिरले होते, म्हणून घेणाऱ्याच्या बाजूने लिहितो. आलेला माणूस पुण्यासाठी आला की फोटोसाठी, हे विचारण्याची आमची मनःस्थिती नव्हती. मात्र त्याच्या वागण्यातून ते कळत होते. एका गाडीतून जुन्या कपड्यांचे गाठोडे रस्त्याकडेला ओतले गेले. त्यात लग्नातले चमकीचे झगे आणि एका पायाचे बूट होते, आणि पिशवी घेताना आम्ही कॅमेऱ्याकडे पाहावे असा आग्रह झाला. त्याच आठवड्यात दोन मुली आल्या. त्यांनी चटईवर बसून प्रत्येक घराचे काय काय भिजले याची यादी केली, रेशनकार्ड आणि बँकेची पासबुके वेगळी करून पंख्याखाली वाळवली, सातबारा पुन्हा कोठे मिळेल ते लिहून दिले आणि पुढच्या रविवारी येतो म्हणाल्या. पुढच्या रविवारी त्या खरोखर आल्या. त्यांतली एक मुलगी स्पर्धा परीक्षेची तयारी करीत होती आणि महसुली कामकाज जवळून पाहायला मिळते म्हणून आले, असे तिने उघड सांगितले. आम्हाला त्यात काही वावगे वाटले नाही.

सिद्धेश्वर पेठ

फोटोवाल्यांबद्दलचे माझे मत कायम आहे. विद्यार्थ्याला उद्देशून मात्र मी तसे लिहिले नव्हते. त्याने नोंदवही सोडू नये.

समन्वयक, जुळे सोलापूर

सर्वांचे आभार. (परिचारिकाताई, मी ताईच आहे.) समितीपुढे असा प्रस्ताव ठेवत आहे की ‘का?’ हा रकाना राहू द्यावा, पण त्याखाली आणखी तीन प्रश्न घालावेत: आठवड्यातील कोणता वार आणि किती तास देऊ शकाल, या कामातून स्वतःला काय मिळावे असे वाटते, आणि बातम्या थांबल्यावर पुढचे तीन महिने कोणते एक काम आपल्या नावावर लिहावे. प्रवासखर्च पावतीवर देऊ आणि प्रमाणपत्र मागेल त्याला देऊ, मात्र ते तीन महिन्यांनंतर. सीनाकाठच्या दादांना विनंती आहे की त्या दोघी मुलींनी केलेल्या यादीचा नमुना जपून ठेवला असेल, तर त्याचे छायाचित्र येथे टाकावे. आमचा नमुना फारच लांबलचक आहे आणि त्यात पासबुकासाठी रकानाच नाही.