शब्दचर्चा: ‘ड्रग कोर्ट’ आणि ‘मेंटल हेल्थ कोर्ट’ला मराठीत काय म्हणायचं?

टिळकवाडीकर:
मंडळी, एक अडचण आहे. इथल्या एका दिवाळी अंकासाठी लेखाचं मराठी करतोय, विषय अमेरिकेतली ती वेगळी कोर्टं, म्हणजे गुन्हा केलेला माणूस नशेच्या आहारी गेलेला असेल नाहीतर मानसिक आजारी असेल तर त्याला सरळ आत न टाकता उपचाराला लावतात आणि जज्ज स्वतः दर थोड्या दिवसांनी बोलावून विचारतो, कसं चाललंय. पहिलं ड्रग कोर्ट १९८९ ला मायामीत निघालं. मानसिक आजारवालं १९९७ ला, तेही फ्लोरिडातच, ब्रॉवर्ड काउंटीत. मी लिहिलं ‘अमली पदार्थ न्यायालय’ आणि ‘मनोरुग्ण न्यायालय’. संपादक म्हणतात पहिलं वाचून कोणालाही एनडीपीएसचं, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याचं स्पेशल कोर्टच वाटणार, गांजा सापडला की उभं करतात ते, म्हणजे बरोब्बर उलटा अर्थ. दुसऱ्यावर त्यांनी नुसती स्मायली पाठवलीय. सुचवा.

शब्दवेल्हाळ:
स्मायली योग्यच आहे. मनोरुग्ण न्यायालय म्हणजे न्यायालयच मनोरुग्ण. कर्मधारय होतो तो.

निपाणकर:
मग बाल न्यायालयात जज्ज चड्डीत येतो काय ओ? ग्राहक न्यायालय, कामगार न्यायालय चालतंय की सगळं. लोकांना कळतंय, व्याकरणवाल्यांनाच तेवढं कळत नाही.

शब्दवेल्हाळ:
बाल, ग्राहक, कामगार ही नामं आहेत. मनोरुग्ण विशेषणासारखाही येतो, म्हणून घोटाळा. ‘मनोरुग्णांसाठीचे न्यायालय’ म्हणा, प्रश्न मिटला.

अक्का_सिस्टर:
मिटला नाही. मी नोकरीची बरीच वर्षं सायकियाट्री वॉर्डात काढली, मनोरुग्ण हा शब्दच नको वाटतो आता. आपल्याकडं मानसिक आजारांच्या १९१२ च्या कायद्यात ल्युनॅटिक होतं, १९८७ च्या कायद्यात मेंटली इल पर्सन झालं आणि २०१७ च्या कायद्यात पर्सन विथ मेंटल इलनेस, म्हणजे आधी माणूस आणि मग आजार. आपण ‘मानसिक आजार असलेली व्यक्ती’ म्हणतो. लांब आहे, असू दे. आणि एक, २०१७ च्या व्याख्येत दारू आणि ड्रग्जमुळं होणारे मनाचे आजार पण धरलेत, त्यामुळं दोन वेगळे शब्द शोधत बसायची गरज आहे का तेही बघा. ‘उपचार न्यायालय’ एकच करा की.

निपाणकर:
उपचार न्यायालय मस्त अक्का. पण ‘उपचारापुरतं’ म्हणजे नावापुरतं पण होतंय बघा.

अक्का_सिस्टर:
हां ते आहे. 😀

खानापूरकरीण:
गंमत सांगते. त्या भाषांतराच्या ॲपात टाकून बघितलं तर ‘औषध न्यायालय’ आलं! आता आमच्या माहेरी जांबोटीच्या बाजूला ‘औषध घेतलं’ म्हणजे काय ते इथल्यांना सांगायला नको, शेतात मारायचं औषध. आमचे हे मुंबईचे, लग्नानंतर पहिल्यांदा गावी आले आणि कोणीतरी सांगितलं की अमक्याच्या पोरानं औषध घेतलंय, तर हे विचारतात ताप आहे का त्याला. सगळे गप्पच. तेव्हा औषध न्यायालय वाचून मला तर दुसरंच डोळ्यासमोर आलं.

कोर्टगल्ली:
ताईंचा मुद्दा विषयाला धरूनच आहे. जीव द्यायचा प्रयत्न केलेल्या माणसावर आधी सरळ ३०९ कलम, आत्महत्येच्या प्रयत्नाचा गुन्हा, लागायचं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या ११५ कलमानं तो तीव्र तणावाखाली होता असंच धरून चालायचं, उलट सिद्ध होईपर्यंत, आणि सरकारनं त्याची काळजी घ्यायची.
आता मूळ प्रश्नाकडं. आपल्याकडं अशी वेगळी कोर्टं नाहीत पण त्यांचं बीज कायद्यात आहे. एनडीपीएस १९८५ चा, त्याचं ३९ कलम बघा, व्यसनी माणूस सेवनाच्या किंवा कमी मालाच्या गुन्ह्यात दोषी ठरला तर कोर्ट त्याला शिक्षा न सुनावता त्याच्या संमतीनं सरकारी नाहीतर सरकारमान्य दवाखान्यात उपचाराला सोडू शकतं, बाँड घेऊन, आणि वर्षाच्या आत उपचाराचा रिपोर्ट द्यायचा. ६४-अ म्हणजे स्वतःहून उपचाराला आला तर खटलाच नाही, मात्र उपचार अर्धवट सोडला तर ती सवलत काढून घेता येते. शब्द निवडताना अजून एक बघा, लेखात ‘गुन्हेगार’ लिहिलंय का ‘आरोपी’? तिकडं काही कोर्टांत गुन्हा कबूल केल्याशिवाय उपचाराला घेतच नाहीत, काही ठिकाणी कबुलीच्या आधीच खटला थांबवून ठेवतात. सरसकट गुन्हेगार लिहिलंत तर चूक.

टिळकवाडीकर:
हे कामाचं सांगितलंत वकीलसाहेब. मग ‘व्यसनमुक्ती न्यायालय’ कसं वाटतं?

पेठेतला:
उत्तम आणि शुद्ध. इथेच थांबावे.

अक्का_सिस्टर:
मुक्ती फार मोठा शब्द आहे हो. पेशंट सहा महिने बरा राहतो आणि एखाद्या लग्नात परत घेतो, त्याला दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगमधले लोक ‘स्लिप झाली’ म्हणतात, संपलं म्हणत नाहीत. तिकडच्या कोर्टातपण तसंच, लघवीच्या तपासणीत सापडला म्हणून लगेच बाहेर काढत नाहीत, जास्त वेळा यायला लावतात, काही काम लावतात, फारच झालं तर थोडे दिवस आत, आणि परत उपचार चालू. नावात मुक्ती घातली की पहिल्याच स्लिपला लोक म्हणणार, बघा, कोर्टाचा काही उपयोग झाला नाही.

धारवाडी_मराठा:
माझं घर धारवाडात, बोलणं घरात मराठी बाहेर कन्नड. ‘व्यसन’ कन्नडात दुःखाला पण म्हणतात बरं का. आमच्या शेजारच्या अज्जी कोणी गेलं की सांगायच्या ‘व्यसन पडबेडा’, म्हणजे दुःख करू नको. मी लहानपणी समजायचो मेलेल्याच्या घरी दारू पिऊ नका म्हणून सांगतात. त्यामुळं व्यसन न्यायालय म्हटलं तर इकडच्या अर्ध्या लोकांना दुःखाचं कोर्ट ऐकू येईल, जे तसं चूकही नाही.

शब्दवेल्हाळ:
वा! आणि कन्नडनंच मूळ अर्थ सांभाळलाय. संस्कृतात व्यसन म्हणजे संकटसुद्धा. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचं आठवं अधिकरण ‘व्यसनाधिकारिक’, त्यात राज्यावर येणाऱ्या आपत्तींचा विचार आहे. मनुस्मृतीत अठरा व्यसनं मोजलीत, कामातून दहा, क्रोधातून आठ. दारू, जुगार, शिकार तर आहेतच, शिवाय दिवसा झोपणं आणि उगाच भटकणं पण!

निपाणकर:
दिवसा झोपणं? मग पेठेतल्यांना एक ते चार कोर्टातच बसवा 😂

पेठेतला:
विनोद जुना झाला. मुद्दा असा की मराठी शब्दाचा अर्थ कन्नडवरून ठरवायचा नसतो. सीमाभागातल्या मराठीत कन्नडची इतकी सरमिसळ झाली आहे की प्रमाण भाषेसाठी तो आधार होऊ शकत नाही.

निपाणकर:
आधार होऊ शकत नाही?? इथं तालुक्याच्या ऑफिसात अर्ज कन्नडातून, बसवरची पाटी कन्नडातून, कोर्टाचे कागद आले की वाचून घ्यायला दुसऱ्याकडं पळायचं, आणि तरी घरात पोरं मराठी बोलतात. ती मराठी अशुद्ध आणि तुम्ही तिकडं ‘मी तुझी मदत केली’ म्हणता ते शुद्ध होय? काय बोलूलालाय कळतंय काय तुम्हाला?

पेठेतला:
व्यक्तिगत होऊ नये. ‘मदत केली’ हिंदीचा परिणाम आहे, तोही मी चूकच म्हणतो.

धारवाडी_मराठा:
भांडू नका, मला पुढचं सांगायचंय. खरा घोटाळा ‘अस्वस्थ’चा. कन्नडात ‘मानसिक अस्वस्थ’ म्हणजे मानसिक आजारी, पेपरात रोज येतं. इकडच्या मराठी बातम्यांत ते जसंच्या तसं उचलतात. कोल्हापूरचे पाहुणे वाचतात ‘मानसिक अस्वस्थ तरुणाला ताब्यात घेतले’ आणि विचारतात, अस्वस्थ तर मी पण आहे, मला पण नेणार काय?

कोर्टगल्ली:
कायद्याच्या मराठीत ‘मनोविकल’ आहे, अनसाउंड माइंडला. हिंदीत ‘विकृतचित्त’, ते तर ऐकूनच माणूस दोषी वाटतो. पण हा शब्द वेगळ्या कामाचा, गुन्हा करताना आपण काय करतोय हेच कळत नव्हतं तर तो गुन्हा होत नाही, दंड संहितेचं जुनं ८४ कलम, आता न्याय संहितेत २२. या कोर्टात येणारे सगळे तसे नसतात. बऱ्याच जणांना कळत असतं, आजारही असतो. त्यामुळं ‘मनोविकल न्यायालय’ कोणी सुचवायच्या आधीच सांगतो, नको.

खानापूरकरीण:
मी तेच टाइप करत होते 🙈
बरं ‘प्रॉब्लेम सॉल्विंग कोर्ट’ म्हणतात ना या सगळ्यांना मिळून? समस्या निवारण न्यायालय?

निपाणकर:
ते सरकारच्या जनस्पंदन सभेसारखं, तक्रारी ऐकायच्या, वाटतंय ताई. लोक गटारीची तक्रार घेऊन येतील.

टिळकवाडीकर:
अंक छापायला जायचाय हो. सध्या ‘ड्रग कोर्ट’ तसंच ठेवून पहिल्या वेळी समजावून सांगतो, आणि दुसऱ्याला ‘मानसिक आरोग्य न्यायालय’. शेवटी एक अडलंय, कोर्स पूर्ण केला की तिकडं कोर्टात समारंभ होतो, जज्ज सगळ्यांसमोर अभिनंदन करतो, टाळ्या वाजतात, त्याला ते ग्रॅज्युएशन म्हणतात. पदवीदान लिहू?

अक्का_सिस्टर:
नको, हसतील. आपल्याकडं धर्मस्थळवाल्यांची मद्यवर्जन शिबिरं होतात त्यांचा पण समारोप असतो, घरची माणसं येतात. ‘समारोप’ लिहा.

पेठेतला:
‘ड्रग कोर्ट’ तसेच ठेवणे म्हणजे हार मानणे आहे.

निपाणकर:
कोर्ट आता आमचंच आहे. आमची आजी ‘कोर्टाची पायरी’ म्हणायची, तुमच्या न्यायालयाला पायरी तरी आहे काय?

खानापूरकरीण:
आजीवरून आठवलं, आमच्यात वेडा म्हणतच नाहीत, ‘खुळा’ नाहीतर ‘पिसा’. जास्तच त्रास दिला तर ‘धारवाडला नेऊन सोडते’, म्हणजे तिथल्या वेड्यांच्या इस्पितळात. हा ‘पिसा’ कुठून आला?

शब्दवेल्हाळ:
पिशाचवरून. पिशाच, पिसा, पिसाळणे. पिसाळलेलं कुत्रं तेच.

धारवाडी_मराठा:
मग पिसाळ आडनाव?

शब्दवेल्हाळ:
आडनावात मी पडत नाही, मागच्या वेळी तीन दिवस भांडण चाललं होतं. पण ‘खुळा’ आणि ‘खुळखुळा’ यांचा संबंध असणार असं माझं मत आहे, डोक्यात काहीतरी सुटं होऊन वाजतं तो खुळा.

पेठेतला:
काहीही. खुळखुळा निव्वळ अनुकरणवाचक शब्द आहे, पुरावा द्या.

निपाणकर:
पुरावा आमच्या शेजारी राहतोय, पत्ता देऊ काय?