स्नायुतंतू की स्नायुपेशी? आणि मुळात ‘स्नायू’ तरी बरोबर आहे का?

रंकाळ्याकाठी : बीएस्सीच्या पहिल्या वर्षाच्या पोरांसाठी मराठीत टिपणं काढायला बसलोय. राधानगरी, गगनबावड्याकडनं येणारी दहावीपर्यंत मराठीत शिकलेली पोरं, मसल फायबर म्हटलं की नुसती मान हलवतात. अडलंय ते असं, की मसल फायबर म्हणजे अख्खी एक पेशीच, लांबलचक, आत शेकडो केंद्रकं. नर्व्ह फायबर म्हणजे चेतापेशीचा नुसता लांब शेपटा. आणि कोलॅजन फायबर तर पेशीच न्हाई, पेशींच्या बाहेर पडलेला प्रथिनाचा दोर. मराठीत तिन्हींना तंतूच. म्हणून मी पहिल्याला ‘स्नायुपेशी’ केलं, तर बीएएमएस (आयुर्वेदाची पदवी) करणारी मामेबहीण म्हणते, “दादा, स्नायू म्हणजे मसलच नव्हे.” आता बोला.

जुनीपोथी : बहीण बरोबर आहे. आयुर्वेदाच्या जुन्या सुश्रुतसंहितेत स्नायू 900 आणि ते सांधे बांधून ठेवणारे, म्हणजे लिगामेंटच्या जवळचे. मसलला तिथं शब्द आहे पेशी, त्या 500. म्हणजे तुमची ‘स्नायुपेशी’ सुश्रुताला दाखवली तर तो कपाळाला हात लावेल. हिंदीनं मांसपेशी ठेवली, सेलला कोशिका केलं. आपण मात्र पेशी सेलला देऊन टाकली आणि मसल उघडा पडल्यावर त्याला स्नायू नेसवला.

तांबडा_पांढरा : मग आता काय सगळी पुस्तकं जाळायची का? शाळेपास्नं स्नायू म्हणजे मसल हेच शिकलोय. माझा बंगाली रूममेट स्नायू म्हणजे नर्व्ह म्हणायचा, त्याचं ते खरं, आपलं हे खरं.

तालमीतला : आमच्या तालमीत स्नायू हा शब्द कुणाच्या तोंडात नव्हता. पोटरी, मांडी, आणि दंड आवळला की वर येते ती बेडकी. वस्ताद म्हणायचे, बेडकी दाखवू नगंस, जोर मार. पोरांना बेडकीवरनं शिकवा की, लगेच कळंल.

पेठेतली : मी सांगतो (कोल्हापूरच्या पेठेतली बाई आहे मी, ‘सांगतो’च म्हणणार). मसल हा शब्द लॅटिनमधल्या छोट्या उंदरावरनं आलाय, कातडीखाली उंदीर पळाल्यासारखं दिसतं म्हणून म्हणे. त्यांना उंदीर दिसला, आपल्याला बेडकी. आता यात शुद्ध कोण ते सांगा.

ऱ्हस्वदीर्घ : वर एकानंही ‘स्नायूतंतू’ लिहिलं नाही याबद्दल आधी आभार, ‘स्नायु’ मूळ संस्कृतात ऱ्हस्व, म्हणून समासातही ऱ्हस्वच. बाकी घडवलेल्या शब्दांना हसू नका. टिश्यूला ‘ऊती’ कुणी केलं माहीत नाही, पण ऊती म्हणजे विणणं आणि तिकडं टिश्यूचं मूळही विणलेलं कापडच. इतका चपखल शब्द असताना टिश्यू म्हणणं हा आळस आहे.

तांबडा_पांढरा : टिश्यू म्हटलं की पोरांना हाटेलातला कागद आठवतो, ऊती म्हटलं की काहीच आठवत न्हाई. कागद परवडला.

रंकाळ्याकाठी : अहो माझ्या फायबरचं काय? स्लाइडवर आडवे पट्टे दिसतात, कडेला केंद्रकं दिसतात, पोरगं विचारतंय सर ही एक पेशी की अनेक? तिथं ‘तंतू’ म्हटलं की ते दोरा समजून मोकळं होतंय.

जुनीपोथी : ‘पेशीतंतू’ करा.

ऱ्हस्वदीर्घ : तसं केलं तर चेतातंतूशी घोळ होईल, तोही पेशीचाच तंतू.

तालमीतला : घोळाचं काय सांगताय, काळजाचं घ्या. परीक्षेत काळीज धडधडतं म्हणजे हृदय ना? आणि मटणाच्या दुकानात काळीज मागितलं तर लिव्हर देतोय. सासऱ्यांसमोर भांडलोय मी यावरनं.

पेठेतली : दुकानदार बरोबर आहे. जुन्या मराठीत काळीज म्हणजे यकृतही. आमच्यात अजून आजी ‘काळजाचा तुकडा’ म्हणताना हात पोटाच्या उजव्या अंगाला लावते.

रंकाळ्याकाठी : उद्या सकाळी आठचा तास आहे. ‘स्नायुतंतू, म्हणजे एकच लांब पेशी’ असं लिहून झोपतोय. बहिणीला सांगू नका.

तांबडा_पांढरा : ते ठीक, पण हृदय पायजे असंल तर दुकानात काय म्हणायचं? आमच्याकडं ‘दिल’ म्हणतात.

तालमीतला : दिल म्हणून बघितलं एकदा, पोरगं हसलं आणि गुर्दा बांधून दिला.