वर दगड, खाली कोमट: क्लबहाऊसचा फ्रिज

बी-४०२: क्लबहाऊसचा फ्रिज पुन्हा तसाच. फ्रीझरमधला बर्फ दगड झालाय आणि खालच्या कप्प्यातलं दूध नासलंय. भाजीच्या ट्रेखाली पाणी साठलंय ते वेगळंच. मागच्या मीटिंगमध्ये "बघतो" म्हणाले होते. कोण बघतंय?

सेक्रेटरी: वहिनी, नोंद घेतली आहे 🙏

बी-४०२: नोंद मागच्या वेळीही घेतली होती साहेब.

ए-१०१ (खजिनदार): सर्व सभासदांना विनंती. फ्रीझरचे बटण कायम ७ वर ठेवावे. कोणीतरी सारखे कमी करते, त्यामुळे थंडावा पुरत नाही. दारावर सूचना चिकटवली आहे. कृपया वाचावी.

ए-३०५: वाचली. त्या सूचनेमुळेच फ्रिजला घाम फुटलाय 😂

सी-२०१: गॅस संपला असणार. आमच्याकडे असंच झालं होतं. गॅस भरून घ्या.

बी-४०२: काका, मागच्या वर्षीच भरला ना? पावती खजिनदारांकडे आहे. एवढ्यात कसा संपेल? कोणी पितं का?

ए-३०५: माझ्याकडे बघू नका.

बी-४०२: बघावंच लागतं. आधीच्या फ्रिजला स्क्रू ड्रायव्हर कोणी मारला ते सगळ्यांना ठाऊक आहे.

ए-३०५: वहिनी, तो विषय मिटला होता. बर्फाचा ट्रे अडकला होता, निघता निघत नव्हता. मी फक्त हलक्या हाताने मोकळा करत होतो.

सी-२०१: हलक्या हातानेच भोक पडलं. फुस्स आवाज मी स्वतः ऐकलाय.

सेक्रेटरी: कृपया वैयक्तिक होऊ नये.

डी-२०४: नमस्कार. मी ग्रुपवर फारशी बोलत नाही, पण कोल्ड स्टोरेजच्या मशीन दुरुस्त करणं हेच माझं काम आहे, म्हणून सांगते. गॅस भरायला कोणालाही बोलावू नका. फ्रीझरमध्ये बर्फ एवढा कडक होतोय म्हणजे गॅस जागेवर आहे आणि कॉम्प्रेसरही चांगला आहे. गॅस गळाला असता तर फ्रीझरही ढिला पडला असता.

सी-२०१: पण मागच्या माणसाने गॅस भरल्यावर पंधरा दिवस छान चालला होता.

डी-२०४: काका, त्याने काम करताना फ्रिज किती वेळ बंद ठेवला होता?

सी-२०१: दुपारी उघडला तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तसाच होता. पार्ट आणायला गेला आणि आलाच नाही.

डी-२०४: मग उत्तर त्यातच आहे. तेवढ्या वेळात आतला बर्फ वितळला, म्हणून पुढे काही दिवस चालला. गॅसचा त्यात काही संबंध नव्हता. फ्रिजमधला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांमधून तोच तो फिरत राहतो. कमी झालाच तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती शोधून बुजवल्याशिवाय वरून गॅस भरणं म्हणजे पैसे पाण्यात.

ए-१०१ (खजिनदार): पैसे पाण्यात हा शब्दप्रयोग मला योग्य वाटत नाही. रीतसर पावती घेतली आहे.

बी-४०२: पावतीवर दूध ठेवू का आता?

ए-१०१ (खजिनदार): फ्रीझरचे बटण कायम ७ वर ठेवावे.

बी-१०३: मी एक सुचवू का? हा फ्रिज काढूनच टाका. भाजीचा ट्रे ओढायला पार जमिनीपर्यंत वाकावं लागतं, माझे गुडघे बोलतात. माझ्या बहिणीकडे फ्रीझर खाली आणि फ्रिज वर असा आहे. किती सोयीचा! फोटो पाठवू का?

ए-३०५: पाठवा आजी. आणि दोन दारं शेजारी शेजारी असतात त्याचाही पाठवा. दारातूनच बर्फ पडतो त्यात. मग स्क्रू ड्रायव्हरची गरजच नाही.

सेक्रेटरी: तो लिफ्टमध्ये मावणार नाही. हाच कसा वर आणला ते मला विचारा.

सी-२०१: फ्रिजवरून आठवलं. आइन्स्टाईननेही फ्रिज बनवला होता. सिलार्ड नावाच्या शास्त्रज्ञाबरोबर. १९३० मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालं. आत एकही हलणारा भाग नाही!

ए-३०५: आमच्या फ्रिजमध्येही सध्या काही हलत नाही काका. पेटंट घ्यायचं का?

बी-४०२: विषयावर या. डी-२०४ ताई, मग बिघडलंय काय?

डी-२०४: सांगते, जरा लांबेल. फ्रीझर वर असलेल्या या दोन दारांच्या फ्रिजमध्ये खालच्या कप्प्याला गार करणारी वेगळी कॉइल, म्हणजे नळ्यांचं वेटोळं, नसते. गार करणारी कॉइल एकच, फ्रीझरच्या मागच्या पत्र्याआड. तिथे एक छोटा पंखा असतो. तो गार हवा थोडी फ्रीझरमध्ये आणि थोडी मागच्या वाटेने खाली ढकलतो. खाली हवाच पोचली नाही तर वर दगड आणि खाली कोमट, आपल्याला दिसतंय तस्सं. आता हवा का पोचत नाही? खाली जाणाऱ्या वाटेवरची झडप बंद असेल, पंखा थांबला असेल, कॉइलवर बर्फाची भिंत झाली असेल, नाहीतर आपणच हवेच्या जाळीसमोर सामान कोंबलं असेल.

डी-२०४: आणि खजिनदार काका, राग मानू नका, पण त्या ७ आकड्याबद्दलही बोलावं लागेल. आपल्या मॉडेलमध्ये फ्रीझरमधलं बटण थंडी वाढवत नाही, ते हवेची वाटणी करतं. ७ वर केलं की खाली जाणारी झडप जवळपास मिटते. कॉम्प्रेसर चालू-बंद करणारं बटण, म्हणजे थर्मोस्टॅट, खालच्या कप्प्यात आहे. ते बघतं की खाली अजून गार झालं नाही, म्हणून कॉम्प्रेसर चालतच राहतो. सगळी थंडी वर साठते. बिलही वाढतं, दूधही नासतं.

बी-४०२: 👏👏

ए-१०१ (खजिनदार): ७ म्हणजे जास्त आणि १ म्हणजे कमी, एवढे मला कळते. लहान मुलालाही कळेल.

डी-२०४: सगळ्या फ्रिजमध्ये तसंच नसतं काका. काहींमध्ये उलट असतं, थर्मोस्टॅट वर आणि झडप खाली. पुस्तिकेत चित्र असतं. पुस्तिका कुठे आहे?

सेक्रेटरी: ऑफिसच्या कपाटात असावी.

बी-४०२: कपाटाची किल्ली?

सेक्रेटरी: शोधतो.

सी-२०१: तरी एकदा गॅस चेक करून घ्यायला काय हरकत आहे?

डी-२०४: हरकत आहे काका. कॉम्प्रेसरवरच्या लेबलवर आर-६००ए लिहिलंय, मी काल वाकून बघितलं. हा गॅस पेट घेणारा आहे. मोजून काही ग्रॅमच भरायचा असतो, तोही नळ्यांमधली हवा नीट ओढून काढून आणि फिल्टर बदलून. कोणीही येऊन नळी जोडायची आणि अंदाजाने सोडायचा, असं चालत नाही.

डी-२०४: आज एक करा. फ्रीझरचं दार उघडा, चौकटीत दिव्याचं छोटं बटण आहे ते बोटाने दाबून धरा आणि कान लावा. दार उघडलं की पंखा थांबतो, बटण दाबलं की त्याला वाटतं दार लागलं. कॉम्प्रेसर चालू असताना करा, म्हणजे पंखा फिरतोय का ते कळेल.

ए-३०५: मी खालीच आहे, करतो. हात लावायची परवानगी आहे ना? लेखी हवी असेल तर सांगा.

बी-४०२: स्क्रू ड्रायव्हर घरी ठेवून जा.

ए-३०५: आवाज येतोय पण खर्रर्र खर्रर्र येतोय. पाती कशाला तरी घासतायत. आणि मागच्या पत्र्यावर बर्फाचा थर आलाय, मधोमध फुगलाय.

डी-२०४: मग बर्फाला घासतायत. दिवसातून एक-दोनदा आतला हीटर थोडा वेळ चालू होऊन कॉइलवरचा बर्फ वितळायला हवा. ते पाणी मागच्या भोकातून नळीवाटे कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये पडतं आणि तिथल्या उष्णतेने उडून जातं. आपल्याकडे ही साखळी तुटलीय. खाली पाणी साठतंय म्हणजे ते भोकही बर्फाने बुजलंय. आता प्लग काढा, दोन्ही दारं उघडी ठेवा, खाली जुने टॉवेल घाला आणि पूर्ण एक दिवस हात लावू नका. सुरी, स्क्रू ड्रायव्हर, उलथनं काही नाही. उकळतं पाणीही नाही, प्लास्टिक तडकेल.

बी-१०३: आत माझं औषध आहे. ते माझ्या घरी आणून द्या कोणीतरी. आणि नव्याचं काय ठरलं?

ए-३०५: आणतो आजी.

सी-२०१: आता बाहेर काढलंच आहे तर मागची काळी जाळी ब्रशने झाडून घ्या. धूळ बसली की फ्रिज तापतो.

डी-२०४: याला मागे जाळी नाही काका. उष्णता बाहेर टाकणारी कॉइल बाजूच्या पत्र्यांच्या आत आहे, म्हणून बाजू गरम लागतात. तो बिघाड नाही. पण कोणी तरी कॅरमबोर्ड फ्रिजला चिकटवून उभा केलाय, तो काढा. दोन्ही बाजूंना हवा खेळायला जागा पाहिजे.

ए-१०१ (खजिनदार): कॅरमबोर्ड क्रीडा समितीचा आहे. माझा संबंध नाही.

*दुसरा दिवस*

बी-४०२: फ्रिजचा प्लग कोणी लावला?? रात्री बंद होता, आता चालू आहे!

ए-३०५: मी नाही. यावेळी खरंच मी नाही.

सी-२०१: वॉचमनने लावला असेल. त्याला वाटलं असेल चुकून निघाला.

बी-४०२: त्याला सांगितलं कोणी होतं?

सेक्रेटरी: त्याच्या नावे नोटीस काढायची होती, राहिली.

डी-२०४: असू द्या. पुन्हा काढा आणि संध्याकाळपर्यंत थांबा. मी आल्यावर भोकात कोमट पाणी सोडते. आणि दाराचं रबर कोणीतरी बघून ठेवा. कागदाची पट्टी दारात अडकवून ओढायची. कुठे सहज सुटली तर तिथून बाहेरची दमट हवा आत शिरते, आणि त्याच ओलाव्याचा बर्फ होतो.

ए-३०५: बघितलं. बिजागरीच्या बाजूला खाली पट्टी अलगद निघते. रबराच्या घडीत काळं चिकट काहीतरी आहे.

डी-२०४: साबणाच्या कोमट पाण्याने पुसा, घडी उघडून आतूनही. तरीही सैल राहिलं तर हेअर ड्रायरने हलकंसं गरम करून हाताने आकार द्या. लगेच नवीन रबर मागवायची गरज नाही.

बी-१०३: म्हणजे नवा घ्यायचाच नाही का? मी बहिणीकडून तीन फोटो मागवले.

डी-२०४: आजी, घरी घ्यायचा असेल आणि वाकणं जमत नसेल तर खाली फ्रीझरवालाच घ्या, गुडघे महत्त्वाचे. पण क्लबहाऊसमध्ये वर फ्रीझर असलेलाच बरा. रचना साधी, बिघडायला कमी भाग, आणि तेवढ्याच लिटरच्या मोठ्या प्रकारांपेक्षा सहसा वीज कमी खातो. उद्या घ्यायची वेळ आलीच तर लेबलवरचे ताऱ्यांचे चित्र सोडा, वर्षाला किती युनिट लिहिलेत ते बघा. लिटर बघताना सामान प्रत्यक्ष किती मावतं तो आकडा विचारा, बाहेरून मोजलेला नाही. आणि क्लायमेट क्लास टी लिहिलेला घ्या, तो बाहेर ४३ अंशांपर्यंत चालण्यासाठी असतो.

सेक्रेटरी: आणि लिफ्टच्या दाराचं माप.

बी-४०२: साहेब, लिफ्टचा विषय काढलाच आहात तर चौथ्या मजल्यावर ती थांबत का नाही ते सांगा.

सेक्रेटरी: नोंद घेतली आहे 🙏

ए-१०१ (खजिनदार): फ्रिज पुन्हा चालू केल्यावर फ्रीझरचे बटण ७ वर ठेवावे.

बी-४०२: काका!!

डी-२०४: मी मधल्या आकड्यावर ठेवलंय आणि आत दोन थर्मामीटर टाकलेत. फ्रीझर उणे १८, खाली ४ अंश, हे दिसलं की झालं. पहिला दिवस आत काही कोंबू नका. वरच्या फळीच्या मागे हवेची जाळी आहे, तिच्यासमोर बाटल्या लावू नका.

ए-१०१ (खजिनदार): हा मेसेज डिलीट केला आहे

ए-३०५: काका काय लिहिलं होतं? मी वाचलं, पण बाकीच्यांनी नाही वाचलं 😂

सेक्रेटरी: कृपया.

*पुढचा आठवडा*

बी-४०२: चार दिवस छान चालला. आज पुन्हा खालचं दूध कोमट. पत्र्यावर पांढरं दिसायला लागलंय.

डी-२०४: मग हीटर चालू होतच नाही. आता टेक्निशियन बोलवा, पण त्याला "थंड होत नाही" असं सांगू नका, गॅस गॅस करेल. "डीफ्रॉस्ट होत नाही, हीटर आणि बायमेटल मीटरने तपासा" एवढंच सांगा. बायमेटल म्हणजे थंडी ओळखून हीटरची वीज जोडणारा छोटा स्विच. मी शनिवारी समोर उभी राहीन.

सी-२०१: मीही येतो. गॅसचंही विचारू.

*शनिवार*

डी-२०४: झालं. हीटर शाबूत आहे. बायमेटल गेलं होतं. थंड झालं की त्याने जोडणी द्यायची असते, म्हणजे हीटरला वीज मिळते. ती जोडणी होतच नव्हती. कॉइलवर बर्फ असताना मीटर लावून दाखवलं. नवीन बसवलं, भोक साफ केलं.

बी-४०२: ताई, तुमचे आभार कसे मानू! बाकी कोणाचे मानायचे का ते कमिटीने ठरवावं.

सी-२०१: मी टॉर्च धरला होता.

बी-१०३: माझे फोटो कोणी बघितलेच नाहीत.

सेक्रेटरी: दुरुस्तीचं बिल खजिनदारांकडे दिलं आहे. सही झाली की ऑफिसमध्ये ठेवावं.

ए-१०१ (खजिनदार): बिलावर फक्त बायमेटल लिहिले आहे. गॅसचा उल्लेख नाही. सही कशावर करू?

डी-२०४: गॅस भरलाच नाही काका, म्हणून उल्लेख नाही.

ए-१०१ (खजिनदार): मग तसे लिहून द्या.