मनोविकार आणि ४० टक्क्यांची अट: पात्रता रुंदावावी का?

पैलतीर:
दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत मनोविकाराचा समावेश आहे. परंतु आरक्षणासारख्या लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. ते ‘आयडियाज’ या मापनपट्टीवर ठरते. स्वतःची काळजी, परस्परसंबंध, संवाद व आकलन आणि काम या चार बाबींना प्रत्येकी शून्य ते चार गुण देतात, त्यांत आजाराच्या कालावधीचे गुण मिळवतात आणि वीसपैकी सात गुण झाले की ४० टक्क्यांची पायरी गाठली जाते. बायपोलर विकाराचा रुग्ण काही महिने घराबाहेर पडू शकत नाही आणि पुढचे काही महिने नेटाने काम करतो. त्याची तपासणी बऱ्या काळात झाली, तर नेमाने औषध घेतल्याचीच त्याला शिक्षा होते. अशा चढउताराच्या आजारांसाठी ही अट शिथिल करावी, असे माझे मत आहे.

गणिताचा माणूस:
मी असहमत आहे. कलम ३४ नुसार सरकारी नोकऱ्यांतील चार टक्के जागांपैकी एकच टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मनोविकार आणि बहुविकलांगता या सर्वांना मिळून आहे. दार रुंद केले म्हणून आतली जागा वाढत नाही. सौम्य नैराश्याचा, उत्तम शिकलेला उमेदवार पात्र ठरला, तर स्किझोफ्रेनियामुळे ज्याचे शिक्षणच अर्धवट राहिले तो स्पर्धेत कुठे टिकणार? शिवाय पट्टी आपण म्हणता तितकी कठोर नाही. आजार दहा वर्षांहून जुना असेल, तर कालावधीचेच चार गुण मिळतात. उरतात फक्त तीन.

पैलतीर:
मग आजाराच्या पहिल्या दोन वर्षांतल्या विद्यार्थ्याचे काय? त्याला कालावधीचा एकच गुण मिळतो, म्हणून उरलेले सहा कार्यक्षमतेच्या ऱ्हासातून ‘मिळवावे’ लागतात. जेव्हा आधार दिल्यास शिक्षण वाचू शकते, नेमके तेव्हाच आपण त्याला थांबायला सांगतो.

आडवळण:
दोघांच्या वादात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. आरक्षण मोजक्या जागांचे असते, त्यामुळे तिथे उंबरठा असणे अपरिहार्य आहे, आणि त्याबाबत मी ‘गणिताचा माणूस’ यांच्या बाजूने आहे. परंतु परीक्षेत जादा वेळ, रात्रपाळीतून सूट किंवा उपचारांसाठी लवचीक रजा या सोयींनी दुसऱ्या कुणाची जागा जात नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये विकाश कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, लिहिताना हात आखडणाऱ्या उमेदवाराला ४० टक्क्यांची अट न लावता लेखनिक देण्याचा आदेश दिला, कारण कायद्यातील ‘दिव्यांग व्यक्ती’ या व्याख्येत टक्केवारीच नाही. तो खटला मनोविकाराचा नव्हता, हे खरे. पण व्याख्या सर्वांना एकच आहे.

गणिताचा माणूस:
सोयींपुरते मान्य करतो. आक्षेप पुराव्याचा राहतो: टक्केवारी नसेल, तर कार्यालय काय पाहून सूट देणार? केवळ निदानाच्या चिठ्ठीवर देऊ लागलो, तर गैरवापर होईल आणि त्याचा संशय खऱ्या रुग्णांवरच येईल.

आडवळण:
निदान पुरेसे नाही, हे मलाही मान्य आहे. उपचार करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञाने, कोणत्या कामात कोणती अडचण येते आणि ती कोणत्या सोयीने कमी होईल, एवढेच लिहून द्यावे आणि त्याचा ठरावीक मुदतीने फेरविचार व्हावा. आजाराचे नाव वरिष्ठांना कळण्याची गरजच नाही. माझ्या मते कित्येक जण अर्ज करत नाहीत ते टक्केवारीमुळे नव्हे, तर नाव कळेल या भीतीमुळे.