‘स्क्रिप्ट चालून राहिली’ म्हणावं का?

मोर्शी :
यूपीबीजीईवर (खेळ बनवायचं सॉफ्टवेअर) पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवताना पोट्टे म्हणतात, ‘सर, स्क्रिप्ट चालून राहिली, पण खेळाडूचे जीव २ च्या खाली जाऊनच नाही राहिले.’ टिपणात ‘कार्यान्वित होते’ लिहू, का ‘चालते’?

दारव्हा :
‘कार्यान्वित’ नको जी, शासन निर्णय वाचल्यासारखं वाटते. ‘चालते’ लिहा. गडबड ‘चालून राहिली’मध्येच आहे. पाऊस येऊन राहिला, मोटर चालून राहिली, म्हणजे काम सलग सुरू आहे. स्क्रिप्ट तशी सलग नसते. सेन्सरकडून (बटन दाबल्यासारखी घटना टिपणारा भाग) पल्स, म्हणजे इशारा, आली की पायथन कंट्रोलर (स्क्रिप्ट चालवणारा भाग) ती स्क्रिप्ट पहिल्या ओळीपासून चालवतो आणि शेवटच्या ओळीवर सोडून देतो. पुढची पल्स आली की पुन्हा पहिली ओळ. तुमच्या पोट्ट्यांनी वर ‘जीव = ३’ लिहिलं असेल. मग दर वेळी आधी ३ होतात, खाली एक वजा होतो, उरले २. कितीही मार खाल्ला तरी २ च.
लॉजिक एडिटरमध्ये (सेन्सर अन् कंट्रोलर जोडायची खिडकी) खेळातल्या त्या ऑब्जेक्टला ‘जीव’ नावाची इंटिजर (पूर्णांक) गेम प्रॉपर्टी द्या, सुरुवातीची किंमत ३. स्क्रिप्टमध्ये कंट्रोलरचा ओनर, म्हणजे तो ज्याचा आहे ते ऑब्जेक्ट, घ्या आणि त्याच्याच प्रॉपर्टीतून एक वजा करा. वरची ‘जीव = ३’ ही ओळ मात्र पुसून टाका, ते राहून जाते.

चिखली :
हे कंट्रोलरच्या स्क्रिप्ट मोडपुरतं खरं. त्याच्या दुसऱ्या, मॉड्यूल मोडमध्ये फाइल एकदाच लोड होते, नंतर दर पल्सला फक्त फंक्शन चालते. तिथं कंट्रोलरच्या खान्यात फाइलचं नाव, टिंब, फंक्शनचं नाव एवढंच लिहायचं. नावापुढं ‘डॉट पीवाय’ टाकलं की मॉड्यूल सापडत नाही.

मोर्शी :
बरं, मग बटन एकदा दाबलं तर गडी दोन पावलं काहून सरकते?

दारव्हा :
दाबताना एक पल्स, सोडताना दुसरी. कंट्रोलर दोन्ही वेळा चालतो. सरकवायची ओळ ‘सेन्सर पॉझिटिव्ह असेल तर’ या अटीच्या आत घ्या. बटन दाबून ठेवलं तोवर सरकत राहावं असं वाटत असेल तर सेन्सरवरची ट्रू लेव्हलची खूण चालू करा. मग दर टिकला (खेळाच्या घड्याळाच्या प्रत्येक पायरीला) पल्स येते. सेकंदाला ६० टिक धरले तर ०.१ चं पाऊल म्हणजे सेकंदात ६ एकक. गडी पडद्याबाहेर जाईल. ०.०२ पासून सुरू करा. ‘पल्स’ला ‘ठोका’ चालेल, ‘नाडी’ नको बाप्पा.

चिखली :
‘की-एरर’ (नाव यादीत सापडलं नाही) आली की पोट्टे लगेच नावाचं स्पेलिंग तपासतात. लहान-मोठी अक्षरं पाहावीच, पण सेन्सरची तार त्या कंट्रोलरला जोडली आहे का तेही पाहा. न जोडलेला सेन्सर त्याच्या यादीत येतच नाही.
टिपणात ‘इंडेंट’साठी (ओळीच्या सुरुवातीला सोडलेली जागा) ‘समास’ लिहिलंय, ते बदला. समास पानाला असतो, अन् तो सगळ्या ओळींना सारखाच. इथं अटीखालच्याच ओळी आत जातात, म्हणून ‘ओळ आत घेणे’. चार स्पेस. बाहेरून चिकटवलेल्या कोडमध्ये टॅब असेल तर ओळी दिसतात सरळ, पण पायथन ‘टॅब-एरर’ देते. तो टॅब पुसून स्पेस द्या.

मोर्शी :
ही एरर दिसते कुठं? खेळाच्या पडद्यावर तर काहीच येत नाही.

चिखली :
विंडोजवर विंडो मेनूतून सिस्टिम कन्सोल (संदेश दाखवणारी काळी खिडकी) उघडा. लिनक्सवर टर्मिनलमधूनच यूपीबीजीई सुरू करा. एररमधली शेवटची ओळ आधी वाचायची, तिच्या वर ओळ क्रमांक असतो.